वय, हार्मोन्स आणि तोंडाची कोरड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तोंडाला कोरड पडते’ एवढीच तक्रार घेऊन पुण्यातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात फारसं कुणी येत नाही. दाढ किडली, कवळी टोचते, तिखट सोसत नाही म्हणून येतात आणि कोरडेपणाचा विषय बोलता बोलता निघतो. मग घरी गेल्यावर फोनवर प्रश्न येऊ लागतात: स्वतःबद्दल, आईबद्दल, सासऱ्यांबद्दल. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सलग मांडले आहेत. एक गोष्ट आधीच ठासून सांगते: ‘वय झालं, चालायचंच’ हे कोरडेपणाचं निदान नव्हे.

१. दिवसभर पाणी पिते, तरी तोंड कोरडंच. असं का?

कारण पाणी म्हणजे लाळ नव्हे. लाळेत ९९ टक्के पाणीच असतं, पण उरलेला एक टक्का फार महत्त्वाचा. त्यात बुळबुळीतपणा देणारं म्युसिन असतं, पिष्ट पचवणारं अमायलेज असतं, जंतूंना आवरणारं लायसोझाइम, आम्ल मारणारं बायकार्बोनेट आणि दातांना लागणारं कॅल्शियम व फॉस्फेट असतं. पाण्याचा घोट गिळला की गेला. म्युसिनचा थर मात्र जिभेला, गालाला, टाळ्याला धरून राहतो. घटाघटा पाणी प्यायलं तर तो उरलासुरला थरही धुऊन जातो आणि थोड्या वेळात कोरड जास्तच जाणवते. म्हणून लहान लहान घोट घ्या आणि गिळण्याआधी तोंडात फिरवा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. तोंड कोरडं ‘वाटणं’ वेगळं आणि लाळ मोजून कमी भरणं वेगळं. दोन्ही एकत्र असतीलच असं नाही (प्रश्न १८ पाहा).

२. लाळ नेमकी येते कुठून?

मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानाच्या पुढे, गालगुंडात सुजते ती. दुसरी खालच्या जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी असतात. सगळ्यांची मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण काही खात नसतो तेव्हा तोंड ओलं ठेवण्याचं बरंचसं काम जबड्याखालची जोडी करते. घास चावायला लागलो की कानापुढची जोडी जोरात सुरू होते. हा फरक पुढच्या उत्तरात लागेल.

३. वय झालं की लाळ कमी होणारच ना?

थोडी होते, पण तेवढ्याने निरोगी माणसाचं तोंड कोरडं पडत नाही.

वयाबरोबर लाळग्रंथीतल्या लाळ बनवणाऱ्या पेशी घटतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय पेशीजाल वाढतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसतं आणि जबड्याखालच्या ग्रंथीत जास्त दिसतं. खात नसतानाची लाळ म्हातारपणी काहीशी कमी भरते ती यामुळेच. कानापुढच्या ग्रंथीची जेवतानाची लाळ मात्र निरोगी वृद्धांत जवळपास तरुणांइतकीच राहते.

मग सत्तरीनंतर इतक्यांची तोंडं कोरडी का? तरुणपणी ग्रंथींची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते आणि वयाबरोबर ही राखीव क्षमता संपत जाते. खडकवासला धरणात साठा भरपूर असला तर पावसाने दोन आठवडे ओढ दिली तरी पेठांतल्या नळांना कळत नाही. साठा उतरला असेल तर लगेच पाणीकपात होते. तिशीत सर्दीची एक गोळी घेतली तर दुपारपर्यंत घसा सुकतो आणि विषय संपतो. तीच गोळी पंचाहत्तरीत घेतली तर घास घोळत बसतो. वयाने साठा उतरवलेला असतो, कपात मात्र बहुतेक वेळा औषधाने किंवा आजाराने आणलेली असते. केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ असं लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं, कारण तो शब्द लिहिला की पुढचा शोध थांबतो.

४. बाबांच्या गोळ्यांची पिशवीच आहे. त्यातली कुठली गोळी तोंड सुकवते?

चारशेहून जास्त औषधांच्या दुष्परिणामांत तोंडाची कोरड नोंदलेली आहे, त्यामुळे पिशवीत एखादी तरी असण्याची शक्यता मोठी. मेंदूकडून लाळग्रंथीला येणारा हुकूम अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन पोचवतं. ते अडवणारी औषधं सगळ्यांत जास्त त्रास देतात.

दवाखान्यात मला वारंवार दिसणारी अशी: सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या (क्लोरफेनिरामाइन असलेल्या), पोटात मुरडा आला की घेतली जाणारी डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी रात्री दिलेली अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन, कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, धाप लागणाऱ्यांचा टायोट्रोपियमचा पंप. बीपीच्या औषधांत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि क्लोनिडिन. एकेक गोळी सोसवते, तीन-चार एकत्र आल्या की तोंड पार आटतं.

एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपीची किंवा मनाच्या आजाराची गोळी अचानक सोडणं धोक्याचं आहे. पिशवी जशीच्या तशी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: यातलं काही बदलता येईल का? डोस कमी करता येईल का? रात्रीची गोळी सकाळी चालेल का? रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबलेलीच असते, त्यामुळे नुसती वेळ बदलूनही पुष्कळांना फरक पडतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या सर्दी-पोटदुखीच्या गोळ्याही त्या पिशवीत टाका. त्या सांगायच्या राहून जातात.

५. पाळी गेली आणि तेव्हापासून तोंड सुकतं. दोन्हींचा संबंध आहे का?

असू शकतो. ‘मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

लाळग्रंथींच्या पेशींवर आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावर एस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारे ग्राहक-रेणू असतात, विशेषतः ‘बीटा’ प्रकारचे. म्हणजे अंडाशयातल्या हार्मोनचे चढउतार तोंडापर्यंत पोचतात. तरुणपणीही हे दिसतं. अंडमोचनाच्या (बीजांड सुटण्याच्या) सुमारास एस्ट्रोजेन वाढलं की वाळवलेल्या लाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते, आणि लाळेवरून अंडमोचन ओळखण्याचे संच त्यावरच चालतात. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. त्यानंतर एस्ट्रोजेन उतरतं, तोंडाचं अस्तर नाजूक होतं आणि कोरडेपणाची तक्रार वाढते.

हार्मोनवर सगळा भार टाकणंही चूक. पाळी गेलेल्या बायकांची लाळ प्रत्यक्ष मोजली तेव्हा काही अभ्यासांत ती कमी भरली, काहींत फरक दिसला नाही. शिवाय याच वयात बीपी, शुगर, थायरॉइड निघतं, झोप बिघडते, रात्री घाम फुटतो, एखादी नवी गोळी सुरू होते. त्यामुळे पन्नाशीच्या बाईला मी आधी प्रश्न ४ची पिशवी मागते, मग डोळ्यांबद्दल विचारते (प्रश्न १०), आणि त्यानंतर हार्मोनकडे वळते.

६. तोंड ओलं दिसतं, पण जीभ भाजल्यासारखी जळते. हा कोरडेपणाच का?

हा बहुधा वेगळा त्रास आहे. जळजळत्या तोंडाचा हा विकार पाळी गेलेल्या बायकांत सगळ्यांत जास्त आढळतो. जीभ दिसायला ठीक असते, सकाळी बरं असतं आणि दिवस चढेल तशी आग वाढते. त्यावर शिक्का मारण्याआधी बी-१२, लोह, शुगर तपासून घ्यावी आणि बुरशीचा संसर्ग नाही ना ते पाहावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता इतकी सर्रास दिसते की ती तपासणी वगळूच नये.

७. बेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. माझंही तसंच होणार का?

अंडाशय ठेवले की काढले, यावर ते ठरतं. नुसतं गर्भाशय काढलं असेल तर पाळी थांबते, पण अंडाशय हार्मोन बनवत राहतात. दोन्ही अंडाशय काढले असतील तर जे उतरायला एरवी काही वर्षं लागतात ते काही दिवसांत उतरतं आणि गरम वाफा, योनीची कोरड, तोंडाचा त्रास हे सगळं तीव्र असू शकतं. पुष्कळ जणींना नेमकं काय काढलं हेच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा.

८. मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर लाळ परत येईल?

नुसत्या तोंडासाठी या गोळ्या कुणी सुरू करू नयेत. काही लहान अभ्यासांत लाळ थोडी वाढलेली दिसली, काहींत नाही. गरम वाफांनी हैराण झाल्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोन दिलं आणि सोबत तोंडही सुधारलं, तर आनंदच आहे. पण स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार यांपैकी काही होऊन गेलं असेल तर हा रस्ता बहुधा बंदच असतो. निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा.

९. पुरुषांचं काय? त्यांनाही हार्मोनचा फटका बसतो का?

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने, हळूहळू उतरतं. पाळी जाण्यासारखा कडेलोट नसतो. सरासरी पाहिली तर पुरुषांची लाळही बायकांपेक्षा जास्त भरते, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्या ग्रंथी आकाराने मोठ्या असतात. साठीनंतरच्या पुरुषाचं तोंड सुकलं तर मी आधी प्रोस्टेट-लघवीच्या गोळ्या, शुगर आणि घोरणं यांकडे पाहते.

इंटरनेटवर उंदरांचे दाखले फार फिरतात, म्हणून थोडं त्याबद्दल. उंदरांत नर-मादीच्या जबड्याखालच्या ग्रंथी चक्क वेगळ्या दिसतात. नरात पुरुषी हार्मोनमुळे खास दाणेदार नलिका वाढतात आणि त्यांत वाढीला चालना देणारी प्रथिनं भरलेली असतात. स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना ज्या कामासाठी १९८६चं नोबेल मिळालं, त्यात नर उंदराच्या याच ग्रंथीचा मोठा वाटा होता. माणसात मात्र या दाणेदार नलिका नाहीत. त्यामुळे ‘नर उंदराला टेस्टोस्टेरॉन दिलं आणि ग्रंथी वाढली’ हे वाचून स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊ नका.

पुरुषी हार्मोनची गोष्ट खरं तर बायकांसाठी जास्त मोलाची आहे. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए नावाचं हार्मोन बनवतात. ते विशीत सर्वाधिक असतं आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं. लाळग्रंथी त्यापासून आपल्यापुरतं पुरुषी हार्मोन जागच्या जागी बनवून घेतात. पाळी गेलेल्या बाईला पुरुषी हार्मोन मिळण्याचा हा मोठा स्रोत. पुढच्या प्रश्नातल्या आजारात हेच रूपांतर बिघडलेलं आढळतं.

१०. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपतं. हे एकच दुखणं आहे का?

असू शकतं, आणि हे उत्तर कृपा करून नीट वाचा. डोळे आणि तोंड दोन्ही महिनोन्‌महिने कोरडे, सोबत सांधेदुखी, न जाणारा थकवा, कानापुढे अधूनमधून सूज, असं असेल तर शोग्रेन सिंड्रोम तपासायला हवा. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ व अश्रुग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि निदान बहुधा ४० ते ६० या वयात होतं.

बायकाच का, आणि नेमकं याच वयात का? एस्ट्रोजेनचा अंमल ओसरतो तेव्हा ग्रंथींचं संरक्षणही ओसरत असावं, असा एक कयास आहे. अंडाशय काढलेल्या किंवा एस्ट्रोजेन बनवता न येणाऱ्या उंदरांत या आजारासारखी सूज ग्रंथींत दिसते. पण पाळी सगळ्याच बायकांची जाते आणि हा आजार मोजक्यांनाच होतो. म्हणजे आनुवंशिकता आणि इतर कारणंही आहेतच. डीएचईएच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर कोरडेपणात नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या त्या डब्या मागवू नका.

तपासण्या अशा: रक्तात एसएसए (रो) नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी), डोळ्यांसाठी कागदी पट्टीची शर्मर चाचणी (पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा कमी ओल म्हणजे कोरडे डोळे), लाळेचं मोजमाप, आणि गरज पडली तर खालच्या ओठाच्या आतून बारीक ग्रंथींचा तुकडा. पुढचे उपचार संधिवाततज्ज्ञ करतात. कानापुढची सूज एकाच बाजूला टिकून राहिली किंवा कडक होत गेली तर थांबू नका, कारण या रुग्णांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

११. मी गरोदर आहे. माझ्या तोंडाला तर उलट लाळ सुटते!

होतं असं. उलट्या-मळमळ जास्त असणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांत तोंडभर लाळ येते, आणि त्यातला बराच भाग न गिळवल्यामुळे साठलेला असतो. मात्र नंतरच्या महिन्यांत तोंड सुकून सारखी तहान लागत असेल तर शुगर तपासून घ्या. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. आधी पाण्याने खळखळून चूळ भरा.

१२. लाळ कमी आहे का, हे घरी कळेल?

अंदाज येतो. खारी किंवा बाकरवडी पाण्याशिवाय गिळता येते का? भाकरीचा घास कोरडा उतरतो, की प्रत्येक घासाला आमटी लागते? जीभ टाळ्याला चिकटते का? आरशासमोर चमचा गालाच्या आतून फिरवा. तो चिकटत असेल तर ती खूण आहे.

मोजायचंच असेल तर सकाळी, तासभर काही न खाता-पिता, शांत बसा. काही चघळू नका. साठलेली लाळ १५ मिनिटं औषधाच्या खुणा असलेल्या मापात थुंकत राहा. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली तर दाखवायला या. फेस मोजू नका.

१३. रात्रीच जीभ लाकडासारखी होते. दिवसा काही नाही.

झोपेत लाळ सगळ्यांचीच थांबते. त्यात तोंडाने श्वास, चोंदलेलं नाक, घोरणं, डोक्यावर पंखा आणि पुण्याची डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा. नाकाचा इलाज करा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, झोपताना जिभेवर-गालाला कृत्रिम लाळेचं जेल लावा. पाणी पिण्यासाठी आणि लघवीसाठी वारंवार उठावं लागत असेल तर शुगर तपासा. ती तहान आहे, निव्वळ कोरड नाही.

१४. इतकी वर्षं दात चांगले होते, आता हिरडीजवळ एकामागून एक का किडतात?

लाळ गेल्याची हीच सगळ्यांत महागडी खूण. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ सामूला (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) विरघळू लागतं. हिरडी उतरून उघडं पडलेलं मूळ त्याआधीच, सहाच्या वर असतानाच झिजायला लागतं. लाळ असती तर तिने आम्ल धुऊन काढलं असतं. चहा-बिस्किटाच्या दिवसातून पाच फेऱ्या झाल्या की मुळांना उसंत मिळत नाही. चहा दोनदाच घ्या, जेवणाजवळ घ्या आणि साखर कमी करा. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा, रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंका पण चूळ भरू नका. दर तीन-चार महिन्यांनी तपासून फ्लोराइडचा लेप लावून घ्या.

१५. आवळा, ज्येष्ठमध, खडीसाखर… आजीचे उपाय चालतील का?

काही चालतात. आंबट लागलं की लाळ सुटते हे खरं, पण लिंबाची फोड किंवा आवळा सुपारी तासन्‌तास तोंडात ठेवली तर तेच आम्ल दात खातं (प्रश्न १४). जेवणात घ्या, चघळत बसू नका. खडीसाखर आणि चिंचेच्या गोळ्या नकोत. बडीशेप चालेल. तिळाच्या तेलाची गुळणी तोंडाला वंगण देते, हरकत नाही. सगळ्यांत बरं म्हणजे झायलिटॉलचं, बिनसाखरेचं च्युइंगगम, कारण चावण्याने उरलेली ग्रंथी जागी होते.

ज्येष्ठमधाबद्दल सावध राहा. रोज चघळलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बीपीच्या, हृदयाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते टाळावंच.

मशेरी, तंबाखू, सुपारी यांवर वेगळा प्रश्न घेत नाही. तिन्ही सोडा. सुपारीने तोंड जळतं, आतून ताठरतं आणि उघडेनासं होतं. ती कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते.

१६. आई निर्जळी एकादशी सोडायला तयार नाही. काय सांगू?

तिच्या श्रद्धेला हात न लावता एवढं सांगा: शुगर, मूत्रपिंडाचा आजार किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर निर्जळी नको, पाणी आणि ताक घेऊन उपवास करावा. ज्यांना पाणी घ्यायचंच नाही त्यांनी निदान चुळा भराव्यात. रोजे ठेवणाऱ्यांनाही मी हेच सांगते, आणि गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला लावते.

१७. कर्करोगाच्या उपचारांनंतर तोंड सुकलं. लाळ वाढवणारी गोळी असते म्हणे?

असते. पिलोकार्पिन, सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. पण ती जिवंत उरलेल्या ग्रंथीलाच कामाला लावते. मान-तोंडाच्या किरणोपचारात दोन्ही बाजूंच्या ग्रंथी जळल्या असतील तर फायदा तुटपुंजा राहतो. म्हणून किरणं सुरू होण्याआधीच ‘लाळग्रंथी वाचवता येतील का’ असं विचारा आणि दातांची सगळी कामं उरकून घ्या. थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीनही लाळग्रंथींत शिरतं. पिलोकार्पिनने घाम खूप येतो. आटोक्यात नसलेला दमा आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांना ती देत नाहीत.

स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर त्या शरीरातलं एस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणतात आणि काहींना तोंडाची कोरड जाणवते. कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी मात्र चुकवू नका.

१८. सगळे रिपोर्ट नॉर्मल, लाळही ठीक भरली. तरी मला कोरडं वाटतं. कुणाकडे जाऊ?

निरोगी माणसांतही लाळेचं प्रमाण एकमेकांपासून खूप वेगळं असतं. आपली नेहमीची लाळ साधारण निम्म्यावर आली की कोरड जाणवते. ज्याची मुळात भरपूर होती त्याची निम्मी लाळही तक्त्यात नॉर्मलच दिसते. म्हणून तुमचं म्हणणं खरं असू शकतं. चिंता, झोप न लागणं, तोंडाने श्वास घेणं हेही पडताळून पाहावं.

पुण्यात दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत ‘ओरल मेडिसिन’ विभाग असतो: कात्रज-धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे हा विषय शिकवला जातो. जाताना गोळ्यांची पिशवी, पाळी कधी गेली त्याचं वर्ष, शस्त्रक्रियेची कार्डं आणि कोरडेपणा कुठल्या महिन्यापासून सुरू झाला याची नोंद न्या. आज भरलेला लाळेचा आकडा फाइलवर लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी त्याच वेळी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजायला सांगा. दोन आकडे समोर असले की डॉक्टरांना तुमची तुलना तुमच्याशीच करता येते.